अलॉयवरचा ओरखडा आणि लॅकरखालचे पांढरे धागे

प्रश्न थोडक्यात असा. गाडी चार वर्षांची, ठाण्यात राहणं, महिन्या-दोन महिन्यांनी गुहागरला गावी फेरी. सोळा इंची डायमंड कट अलॉय चाकं. पार्किंग करताना पुढचं डावं चाक फुटपाथला घासलं आणि कडेला वीतभर खरचटलं. शिवाय मागच्या दोन चाकांवर लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खाली केसासारखे पांढरे धागे पसरत चाललेत, कितीही धुतलं तरी जात नाहीत. एकानं सांगितलं स्प्रे कॅन आणा आणि घरीच मारा, दुसऱ्यानं चारही चाकं पुन्हा डायमंड कट करायला सांगितली, तिसऱ्यानं पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजून बसवायची. कुणाचं ऐकायचं?

मी चिंचवडला गेली अठरा वर्षं चाकांचंच काम करतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ओरखडा दाखवत येतो, कारण तो डोळ्यांत खुपतो. तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती मागच्या दोन चाकांची. ओरखडा महिनाभर थांबू शकतो, फक्त त्याची उघडी जखम आज झाकली पाहिजे. धागे थांबत नाहीत. एक पावसाळा गेला की ते बोटभर पुढे सरकलेले असतात.

आधी चाक कशाचं बनलंय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. आपल्याकडे अजून पुष्कळ जण ‘मॅग व्हील’ म्हणतात. हे नाव रेसिंगच्या गाड्यांच्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून आलं. रस्त्यावरच्या गाड्यांची आजची चाकं अॅल्युमिनियमची असतात. त्यात साधारण 7 टक्के सिलिकॉन आणि जेमतेम तिसरा हिस्सा टक्का मॅग्नेशियम. ओतीव चाक साधारण 540 अंशांपर्यंत तापवून पाण्यात थंड करतात आणि मग कमी तापमानाला काही तास ठेवतात. त्याची ताकद या भट्टीतून येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पावडर कोटिंगच्या वेळी पुन्हा लागेल.

डायमंड कट चाकाला आधी पूर्ण रंग देतात, मग लेथवर त्याचा दर्शनी भाग तासून उघडी चकचकीत धातू बाहेर काढतात. उजेडात तिरकं धरलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात, त्या या तासण्याच्या. त्यावर फक्त पारदर्शक लॅकर. म्हणजे साध्या सिल्व्हर चाकावर प्रायमर, रंग, लॅकर असे तीन थर असतात, तर डायमंड कटच्या तोंडावर खारी हवा आणि धातू यांच्यामध्ये उभा असतो एकच थर. त्यातही जिथे तासलेला भाग संपून काळा रंगवलेला खोलगट भाग सुरू होतो, तिथे धारदार कड असते. ओला लॅकर अशा धारेवरून मागे ओढला जातो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो. तुमचे धागे नीट पाहा. त्यांची सुरुवात एकतर अशा कडेपासून असेल, नाहीतर खडी लागून उडालेल्या टिकलीपासून, नाहीतर बॅलन्सिंगच्या ठोकलेल्या वजनाच्या खालून.

लॅकरला छिद्र पडलं की दमट हवा आणि मीठ आत शिरतं. धाग्याचं टोक पुढे पुढे धातू खात जातं आणि मागे पांढरी भुकटी सोडतं, म्हणून तो लॅकरच्या खालून नागमोडी फिरताना दिसतो. वरून धुणं, पॉलिश, कंपाउंड, मेण यांतलं काहीही तिथवर पोचत नाही, कारण रोग थराच्या खाली आहे. ठाण्याची खाडी आणि गुहागरचा किनारा, दोन्हीकडे याला हवं ते सगळं मिळतं.

इथे माझीच एक चूक सांगतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी रत्नागिरीकडच्या एका गाडीची चाकं आली होती, अगदी अशीच. मी धागे दिसत होते तेवढी जागा घासली, प्रायमर मारला, रंग आणि लॅकर चढवला. चाकं सुंदर दिसत होती. पावसाळा संपता संपता ती परत आली, दुरुस्त केलेल्या जागेच्या चारही बाजूंनी नवे धागे फुटलेले. चारही चाकं मी पुन्हा फुकट करून दिली. दिसणारा धागा जिथे संपतो त्याच्या पुढेही लॅकरची पकड सुटलेली असते, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून धागे असलेलं चाक मी ठिगळ लावून देत नाही. सगळा जुना थर उतरवायचा, धातू उघडी करायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. यापेक्षा स्वस्त मार्ग मला सापडलेला नाही.

आता पुढच्या चाकाचा ओरखडा. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे फुटपाथकडची डावी चाकंच घासतात. माझ्याकडे येणाऱ्यांत डावं पुढचं सगळ्यात जास्त. आधी ओरखडा किती खोल आहे ते बघू. चाक थंड असताना साध्या कार शाम्पूनं धुवा आणि कोरडं करा. मग तिथे पाण्याचा थेंब लावा. ओलं असताना ओरखडा गायब होऊन वाळल्यावर परत दिसला तर तो फक्त लॅकरमध्ये आहे, बारीक पॉलिशनं जाईल. नख फिरवा. नख अडत नसेल तरीही तेच. नख अडलं आणि आत राखाडी, खरखरीत काही दिसलं तर धातूपर्यंत गेलंय. पुष्कळदा फुटपाथचा पिवळा-काळा रंग किंवा सिमेंटची भुकटी चाकावर चिकटलेली असते आणि जखम वाटते त्याहून मोठी दिसते. ती टर्पेंटाइन लावलेल्या मऊ कापडानं निघते. एनसी थिनर, म्हणजे रंगवाल्यांचा तेज थिनर, एकदम ओतू नका. चाकाच्या आतल्या बाजूला बोटभर जागेवर आधी लावून बघा, तिथला रंग मऊ पडला तर थिनर बाजूला ठेवा.

तुमच्या वर्णनावरून ते धातूपर्यंत गेलेलं आहे. डायमंड कटच्या कडेवरच्या त्या लेथच्या रेघा हातानं परत येत नाहीत, हे आधीच मान्य करा. घरी करायचं ते एवढंच: उठलेली धार बसवायची, धातू बंद करायची आणि दोन पावलांवरून डोळ्यांना खटकणार नाही इथपर्यंत आणायचं. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्त्यांचे पत्ते एकाला एक लावून गोल खोचा. मास्किंग टेपपेक्षा हे सोपं पडतं आणि टायरवर रंग जात नाही. ओरखड्याच्या पलीकडे चार बोटं सोडून टेप लावा. उठलेले टोचरे भाग बारीक कानशीनं हलक्या हातानं बसवा, फक्त त्या टोकांवर. मग 320 चा पॉलिश पेपर, मग 400, 600, शेवटी 800 पाण्यात भिजवून. पेपर नवा घ्या. लोखंडावर घासलेला पेपर किंवा तारेचा ब्रश इथे कधीच वापरू नका. लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

घासलेल्या अॅल्युमिनियमवर हवेतल्या हवेत ऑक्साइडचा थर धरायला लागतो. म्हणून घासणं संपलं की चाक पूर्ण कोरडं करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, बोट लावू नका आणि तासाभराच्या आत अॅल्युमिनियमसाठीचा एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला पकडणारा आम्लाचा प्रायमर, मारा. शनिवारी घासून रविवारी रंग मारणारे खूप भेटतात आणि सहा महिन्यांत त्यांचे पोपडे निघतात.

लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, भरावी का, हा प्रश्न नेहमी येतो. कडेला एक मिलिमीटरच्या आत खोल असेल तर भरू नका. घासून उतार द्या, पुरतं. खोल खड्डा असेल तर दोन भागांची, धातूसाठीची इपॉक्सी लांबी घ्या आणि ती घासलेल्या उघड्या धातूवर लावा. पेंटर वापरतात ती नेहमीची पॉलिएस्टर लांबी एचिंग प्रायमरवर धरत नाही, त्यातलं आम्ल तिला नीट वाळू देत नाही. टायर जिथे टेकतो त्या बैठकीवर तर काहीच भरायचं नाही, हवा जाईल. आणि चाक पुढे पावडर कोटिंगला द्यायचं मनात असेल तर आत्ता लांबी लावूच नका. भट्टीच्या उष्णतेत ती फुगते किंवा तडकते, आणि दुकानदाराला माहीत नसेल तर तो बिचारा कारण शोधत बसतो.

रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं. मेटॅलिक सिल्व्हरमधले अॅल्युमिनियमचे बारीक पत्रे फवारा किती लांबून आणि किती ओला बसला त्यावर आडवे-तिरके पडतात. म्हणून तीच बाटली, तोच रंग, पण जवळून ओला मारला की डाग काळपट दिसतो. कॅन वीतभरापेक्षा थोडा लांब धरा, हात थांबवू नका. मग लॅकरचे दोन हात, आणि लॅकर रंगाच्या पलीकडे दोन बोटं जाऊ द्या, म्हणजे जोड रंगावर राहणार नाही. कडक व्हायला आठवडा द्या. तोवर प्रेशरचं पाणी नको. हार्डनर मिसळायचा लॅकर वापरणार असाल तर मोकळ्या हवेत आणि योग्य फिल्टरचा मास्क लावूनच. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं दुखणं देऊ शकतं. साधा रुमाल चालत नाही, हे मी माझ्या पोरांनाही रोज सांगतो.

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम उघड्यावर करू नका. दमट हवेत साध्या कॅनचा लॅकर वाळताना दुधाळ पडतो. तोपर्यंत काय? घासून, पुसून, कोरडं करून नखपॉलिशसारखा ब्रशनं लावायचा पारदर्शक टच-अप लॅकर त्या उघड्या कडेवर लावून ठेवा. दिसायला साधं दिसेल, पण धातू बंद होईल. हे मात्र या रविवारीच करा.

पुन्हा डायमंड कट करायचं की नाही, याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. काम सुंदर दिसतं, शंका नाही. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर प्रोब चाकाचा उतार मोजतो आणि मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग तासून काढतो. पण प्रत्येक वेळी धातू कमी होते. एकदा ठीक, फार तर दोनदा, त्यापुढे मी हात लावत नाही. खोल खरचटल्याची जागा लांबीनं भरता येत नाही, कारण तासल्यावर ती वेगळी दिसते. तिथे टिग वेल्डिंगनं धातू चढवून मग तासावं लागतं. चाक जरासं वाकलेलं असेल तर लेथ एका बाजूला जास्त खातो. आणि एवढं करून शेवटी वर पुन्हा तोच एकटा लॅकरचा थर. कारखान्यातल्यासारखी रासायनिक तयारी गल्लीतल्या दुकानात क्वचितच होते. किनाऱ्याला येजा असेल तर दोन पावसाळ्यांत धागे परत येताना मी पाहिलेत. नाशिक किंवा नागपूरला राहणारा माणूस असता तर मी एकदा करून घ्या म्हटलं असतं. तुम्हाला नाही म्हणेन.

तुमच्यासाठी माझं उत्तर पूर्ण रंगाचं चाक. दोन-टोनचा मोह सोडा. मागच्या दोन चाकांचा सगळा थर उतरवून पावडर कोटिंग करा, वर पावडरचाच पारदर्शक थर घ्या. गडद राखाडी किंवा सिल्व्हर, दोन्ही चालतात. राखाडीवर ब्रेकची भुकटी कमी दिसते. चारही एकसारखी हवीत तर पुढची दोनही त्यातच जातील आणि मग ओरखड्याचं घरगुती काम करायची गरजच उरणार नाही, फक्त तो लॅकरचा हात पुरे.

दुकान निवडताना रंगांचं कार्ड नंतर बघा. आधी विचारा, जुना थर कसा काढता? अॅल्युमिनियमला चालणारा स्ट्रिपर (रंग सोडवणारं रसायन) किंवा बारीक मीडियाचं ब्लास्टिंग (दाबानं बारीक कण मारून थर उडवणं) हे उत्तर बरोबर. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवतो म्हणाला तर चाकं उचला आणि घरी या. कॉस्टिक लोखंडाला चालतो, अॅल्युमिनियमला तो खातो. मग विचारा, पावडरच्या आधी धातूवर रासायनिक थर देता का? पकड आणि गंजाला अडवणं दोन्ही यावर अवलंबून असतं. धागे आलेल्या चाकाला हे नसेल तर बाकी सगळं वाया. तिसरं, कोरडं चाक आधी एकदा भट्टीत तापवून घेता का? ओतीव धातूत बारीक पोकळ्या असतात. त्यातली हवा भट्टीत बाहेर पडली की पावडरवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि पुढच्या धाग्याची वाट तिथेच मोकळी होते. आधी तापवलं की ती हवा निघून जाते.

आणि भट्टीचं तापमान विचारा. बहुतेक पावडर 180 ते 200 अंशांना दहा ते वीस मिनिटांत बसते. ही मिनिटं धातू त्या तापमानाला पोचल्यापासून मोजायची. तेवढ्यानं चाकाला काही होत नाही. पण दोनशेच्या वर तासन् तास ठेवलं, किंवा रंग बिघडला म्हणून तेच चाक चार वेळा भाजलं, तर सुरुवातीला सांगितलेली भट्टीची ताकद उतरायला लागते. बाहेरून काहीच कळत नाही.

टायर काढूनच काम झालं पाहिजे. टायरवर कागद लावून ब्लास्टिंग करणारे असतात, तिथे रिमच्या ओठाखालचा गंज तसाच राहतो. टायरप्रेशरचा सेन्सर असेल तर आधी सांगा, तो काढून ठेवावा लागतो. व्हॉल्व्ह नवा घाला.

एक जागा अशी आहे जिथे रंग अजिबात नको: नट बसतात त्या निमुळत्या बैठका आणि हबला टेकणारी मागची सपाट बाजू. पावडरचा थर तिथे राहिला तर नट आवळताना तो चेपतो, पुढे झिजतो आणि नट आपोआप सैल पडतात. चाकं परत घेताना उलटी करून हे स्वतः बघा. नट टॉर्क रेंचनं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळा, आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की परत तपासा. एअर गननं ‘कडकड’ होईपर्यंत मारणं म्हणजे आवळणं नव्हे.

टायर चढवतानाही पुष्कळ नवीन चाकं खराब होतात. मशीनच्या जबड्यांना प्लास्टिकची टोपणं असावीत. नसतील तर थांबा म्हणा. बॅलन्सिंगला कडेवर ठोकायची वजनं घेऊ नका, आतून चिकटवायची घ्या. ठोकलेलं वजन रंग फोडतं आणि तिथे दोन वेगळे धातू पाण्यात भेटतात.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण फुटपाथला घासलंय म्हणून सांगतोच. घासण्याबरोबर धक्काही बसला असेल तर चाक उचलून फिरवा. रिमच्या जवळ पेन्सिल स्थिर धरा आणि फट कमी-जास्त होते का बघा, आतल्या कडेलाही. आतल्या बाजूला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात का बघा. एकाच टायरची हवा पंधरा दिवसांत कमी होत असेल तर हे नक्की करा. केसाएवढी चीर दिसली तर त्यावर रंग चढवू देऊ नका. आरे किंवा हबजवळ चीर असेल तर मी वेल्डिंग करत नाही, चाक बदला सांगतो. गॅसच्या बत्तीनं तापवून बेंड काढलेलं चाकही मला नको असतं. त्या जागेची भट्टीतली ताकद गेलेली असते आणि पुढचा खड्डा एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगात भेटू शकतो.

धुण्याबद्दल एकच आग्रह. रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरला अलॉयवर ॲसिड मारू देऊ नका. चाक क्षणात चमकतं, कारण वरचा थर खाल्ला जातो. त्यातल्या काही द्रावणांत फ्लोराइडची आम्लं असतात, ती धुणाऱ्या मुलाच्या हातांनाही घातक. ब्रेकच्या भुकटीतले लोखंडाचे कण रुतले असतील तर आयर्न रिमूव्हर वापरा, तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. सावलीत, थंड चाकावर, आणि वाळू न देता धुऊन टाका. गुहागरहून परतलात की दुसऱ्या दिवशी नुसत्या गोड्या पाण्यानं चाकं आतून-बाहेरून धुवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही मेणापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

चाकं दुकानात तीन-चार दिवस राहतील, तेव्हा दोन-दोन देण्याचा विचार करू नका. रंगाचा प्रत्येक घाणा वेगवेगळा निघतो आणि शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो. चारही करणार असाल तर एकदम द्या, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घरच्या पार्किंगमध्ये उभी राहू दे. स्टेपनी बहुतेक लोखंडी आणि लहान असते, तिच्या भरवशावर गावाला निघू नका. लहान स्टेपनीवर ताशी 80 च्या पुढे जायचं नसतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस ओसरला की द्या. दिवाळीच्या तोंडावर दुकानं भरतात आणि भट्टीत घाई होते.